दावं देव्हाऱ्यात, हरणी भट्टीवर

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही केरळला जाणार होतो. हाउसबोट, केळीच्या पानावरचं जेवण, सगळं ठरलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचे म्हणून मी एक टोपीही घेतली होती. प्रत्यक्षात ती टोपी घालून मी गेलो चाकणला, तिथून ताथवड्याला आणि तिथून मोशीच्या पुढं, इंद्रायणीकाठच्या एका वीटभट्टीवर. आमच्या पिंपळे सौदागरमधले लोक रोज कंपनीत जाता-येता एवढं अंतर कापतात आणि त्याचं प्रवासवर्णन लिहीत नाहीत. मी लिहितोय, कारण त्या रस्त्यावरून तीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत जाऊनही मला जे दिसलं नव्हतं, ते या चार दिवसांत दिसलं. आणि दिसल्यापासून डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. सौ. म्हणते, ते आधीही नव्हतं.

पिंपळे सौदागर, गुरुवार

आमची प्राजक्ता बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. तिचं सासर चाकणच्या पुढं, जुनं बागायतदार घर. अर्धी जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या अर्ध्यात कांदा आणि बैलगाड्याचे बैल. आम्ही मूळचे लातूरकडचे. आमच्याकडे बैल पोळ्याला सजतात आणि उरलेलं वर्ष राबतात, त्यांना कुणी घड्याळ लावत नाही. इकडे लावतात. गावच्या यात्रेला घाट भरतो, म्हणजे चढाची धावपट्टी. एकेक गाडा सुटतो आणि त्याचे सेकंद मोजतात. एका धावेला बारी म्हणतात. गाड्याला चार बैल आणि त्या सगळ्यांच्या पुढं एक घोडी, पाठीवर स्वार घेऊन. बैल घोडीमागं पळतात. लोक बैलांना ओळखतात, बैलांची नावं गोंदवून घेतात. पण घोडी हलली नाही तर बैलही हलत नाहीत, हे मला लेक तिकडे दिल्यावर कळलं.

व्याह्यांच्या घोडीचं नाव हरणी. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, उजव्या कानाला लहानपणी पडलेली चीर. चार यात्रा तिनं गाजवल्या. शर्यतींवरची बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तिच्या जोरावर व्याह्यांना मोटारसायकल मिळाली. प्राजक्ता लग्न होऊन गेली तेव्हा त्या परक्या घरात तिची पहिली मैत्री या घोडीशी झाली. रोज सकाळी गुळाचा खडा. माहेरी आल्यावरही ती रोज नणंदेला फोन करून म्हणायची, हरणीचा व्हिडिओ पाठव. पहिल्या आठवड्यात व्हिडिओ आले. मग "नेट नाही", मग "ती रानात नेलीय". आणि बुधवारी दिराच्या स्टेटसला गाड्यापुढं पळणारी घोडी दिसली, ती पांढरीशुभ्र होती.

"बाबा, तुम्ही उद्या जाऊन बघून या," प्राजक्ता म्हणाली. दिवस भरत आलेल्या लेकीला नाही म्हणायची माझ्यात धमक नाही. धमक नसण्याच्या बाबतीत मी सातत्य राखून आहे. पुढं ती म्हणाली, "पण आप्पांना काही बोलू नका हां. मला तिथं राहायचंय."

आप्पा म्हणजे तिचे सासरे. मी वचन दिलं. न बोलण्याचं वचन देणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

चाकणच्या पुढं, गुरुवार दुपार

व्याह्यांच्या फाटकावर एक फ्लेक्स आहे, दोन मजल्यांएवढा. खाली सगळे भाऊ, चुलतभाऊ, गॉगल, साखळ्या. वर, आभाळाच्या जागी, हरणी. चारही पाय जमिनीच्या वर, मानेवरचे केस उडालेले, बाजूला "घाटाचा राजा". राजा कोण ते फ्लेक्सवरून नीट कळत नाही, कारण राजासारखे सगळेच उभे होते.

गोठ्यात पांढरी घोडी होती. हरणीच्या खुंट्याला.

जेवायला मासवडी होती. व्याह्यांकडची मासवडी म्हणजे काय सांगू, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. मी चौकशीला गेलो होतो आणि तीनदा वाढून घेतली. चौथ्यांदा नको म्हणताना धीर करून विचारलं, हरणी दिसली नाही ती.

आप्पांनी हात धुतले, पुसले आणि सांगितलं, विकली. पाय गेला होता. "घाटात पळायची न्हाई तर दावणीला ठिवून काय पूजा करायची?"

मी म्हणालो, "हो, हो. बरोबर आहे." मुलीकडचा माणूस आहे मी. मुलीकडच्या माणसाची मान वर-खाली हलते, आडवी हलत नाही. ती सवय लग्नाच्या बैठकीत लागते आणि मग सुटत नाही.

मग आप्पा मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेले. शेजारच्या खिळ्याला तेल-पाण्यानं काळं पडलेलं दावं लटकत होतं, त्याला हळद-कुंकू वाहिलेलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची, ही इकडची रीत. आमच्याकडेही आहे. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. "दावं न्हाई दिलं," आप्पा अभिमानानं म्हणाले. "लक्ष्मी घरातच हाय."

मी दाव्याला हात जोडले. खोटं कशाला सांगू, जोडले. फाटकाबाहेर येईपर्यंत मला कळलंही नाही की ज्या गळ्यात ते होतं, तो गळा कुठं आहे हे मी विचारलंच नाही.

बाहेर बाळू उभा होता. बाळू हरणीचा स्वार. पस्तिशीचा, सडपातळ, एका कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट संपली की व्याह्यांच्या गोठ्यात. त्यानं मला मोटारसायकलवर बसवलं, बसस्टॉपपर्यंत सोडतो म्हणाला आणि बसस्टॉप मागं टाकून पुढं जात राहिला. एका टपरीवर थांबून चहा सांगितला. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

शेवटी सांगितलं ते असं. होळीनंतरच्या यात्रेत हरणीचा पुढचा डावा पाय सुजला होता. सकाळी टेकवत नव्हती. पण बारीचं टोकन लागलं होतं, पाहुणे आले होते, फ्लेक्स छापला होता. कुणीतरी सुई आणली. टोचल्यावर अर्ध्या तासात ती नीट चालायला लागली. दुखणं गेलं नव्हतं, फक्त तिला कळायचं बंद झालं होतं. आणि त्या पायावर तिला घाटात पळवलं. गाडा पहिला आला. सुईचा असर उतरला तेव्हा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला होता.

"आप्पांनी सांगितलं बस," बाळू म्हणाला. "अन् मी बसलो. पाव्हणं, मी बसलो."

मी आयुष्यभर मोटारीच्या भागांची तपासणी केली. आमच्याकडे चिरलेल्या भागाला लाल चिठ्ठी लावून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. चीर रंगानं बुजवून कुणी तो पुढं पाठवला तर नोकरी जाते. लोखंडाच्या तुकड्याला हा न्याय आहे. मी बाळूला विचारलं, कुणाला विकली. म्हणाला, शनिवारच्या बाजारात, एका हेड्याला. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. मग त्यानं मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हीच ती. हरणीनं जिकलेली. हिच्यावर जाऊ."

हरणीच्या पायांच्या जोरावर मिळालेल्या गाडीवर बसून हरणीला शोधायला निघालेले आम्ही दोघं. यापेक्षा लाजिरवाणं वाहन मला सुचत नाही.

चाकणचा बाजार, शनिवार

चाकणच्या चौकातली कोंडी हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, तो मी सोडून देतो. बाजारात पोचलो तेव्हा ऊन टाळूत शिरलं होतं. एका बाजूला म्हशी, दुसरीकडे बैल, शेळ्या आणि कोपऱ्यात थोडी घोडी-खेचरं. केरळची टोपी घातल्यामुळे मी दुरूनच गिऱ्हाईक दिसत होतो.

बाळूनं सांगून ठेवलं होतं, सरळ विचारू नका, घेणारा असल्यासारखं बोला. हेडी बुटका, पान खाल्लेला, अतिशय प्रेमळ. त्यानं खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला आणि पंच्याखालून माझा हात धरला. मला वाटलं इकडची नमस्काराची पद्धत असेल. मी त्याचा हात पाचही बोटांनी घट्ट धरून मनापासून हलवला. त्याचे डोळे चमकले. शेजारच्या दोघांनी माझी पाठ थोपटली. एकानं माझ्या दुसऱ्या हातात एका म्हाताऱ्या खेचराची दोरी दिली.

इथं भाव तोंडानं बोलत नाहीत, पंच्याखाली बोटं दाबून बोलतात, म्हणजे आजूबाजूच्याला कळत नाही. मी कितीला होकार दिला होता ते बाळूनं मला अजून सांगितलेलं नाही. सोडवून घ्यायला त्याला पाऊण तास लागला. "पाव्हणं कंपनीतलं हायेत, त्यांला हातच मिळवायचा व्हता," असं तो सगळ्यांना सांगत होता आणि सगळे माझ्याकडे दयेनं बघत होते.

या गोंधळाचा एक फायदा झाला. हेडी हसून हसून मोकळा झाला आणि चहा पाजत बोलू लागला. तांबडी, कपाळावर ठिपका, व्हय, आठवतीय. लंगडी होती. बाजाराच्या सकाळी तिला सुई दिली होती, दुपारपर्यंत चालते. दात कानशीनं घासून वय कमी केलं होतं. कानाच्या चिरेवर गोंडा बांधला. मग ताथवड्याकडच्या एका लग्नाच्या घोडीवाल्यानं चालवून बघितली आणि नेली.

हे त्यानं लपवून सांगितलं नाही. आमची सौ. लोणच्याची रीत सांगते तसं सांगितलं, प्रमाणासकट.

मला राहवलं नाही. आमच्या कंपनीत असा खोटा माल पुढं ढकलला तर काय होतं, ते मी त्याला समजावून सांगितलं. लाल चिठ्ठी, जाळीचा पिंजरा, प्रत्येक भागावर नंबर, कुठल्या मशीनवर कुणाच्या पाळीत झाला तो सगळा माग. त्यानं शांतपणे ऐकलं. मग पिंक टाकली.

"तुमच्या कंपनीतल्या पार्टाला रोज चारा लागत न्हाई, राव," तो म्हणाला. "अन् मला शिव्या देताय, पण हिला सुई टोचायची अक्कल मला कुणी दिली? विकणाऱ्यानंच सांगितलं, हिला सुई चांगली लागू पडती म्हणून."

विकणारा म्हणजे आमचे व्याही. ज्यांच्या मासवडीचा ढेकर मला अजून येत होता.

ताथवडे, रविवार

ताथवड्यात एका बाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजं, दुसऱ्या बाजूला चाळीस-चाळीस मजल्यांची बांधकामं आणि मध्ये लग्नाची लॉन्स. त्या लॉन्सच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये, घोडीवाला राहतो. शेडमध्ये चार घोड्या, भिंतीवर जरीच्या झुली, आरशांच्या माळा, मोरपिसांचे तुरे. आणि एका खिळ्याला लगाम. मी कुतूहलानं हातात घेतला. तोंडात जाणाऱ्या लोखंडी दांडीला आतल्या बाजूनं काटे होते. बोट फिरवलं तर रक्त आलं असतं, असे.

मी विचारलं, हे कशाला. तर घोडी नाचावी म्हणून. लगाम खेचला की काटे टाळूत जातात, ती पुढचे पाय उचलते, लोक म्हणतात नाचते आहे. मी अशा किती घोड्यांपुढं उभं राहून टाळ्या वाजवल्या असतील? प्राजक्ताच्याच वरातीत वाजवल्या. मोबाईलमध्ये चित्रण आहे. त्यात मी फेटा सांभाळत घोडीसारखाच नाचतोय. फरक एवढा की माझ्या तोंडात पेढा होता.

हरणीचं नाव काढताच घोडीवाला चिडला. खोडीची निघाली, म्हणाला. बदनामी झाली, दोन लग्नांच्या सुपाऱ्या गेल्या. झालं असं होतं. नवरदेव संगणकातला, आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला. संध्याकाळी वरात मंडपाकडे निघाली. हरणी इतका वेळ गरीब गाईसारखी चालत होती. डीजेला घाबरली नाही, फटाक्यांना घाबरली नाही. पुढं नवरदेवाच्या गावाकडच्या मित्रांनी हलगी मागवली. हलगीचा ठेका सुरू झाला आणि त्यातल्या एकानं हौसेनं दोन्ही हात वर करून घाटातली आरोळी ठोकली, भिर्रर्र.

हरणी सुटली. डीजेच्या गाडीला वळसा घालून, करवल्यांमधून वाट काढून, लॉनचं फाटक मागं टाकून ती सरळ हिंजवडीच्या दिशेनं निघाली, पाठीवर नवरदेव. लोकांना आधी वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. ड्रोनवाला तर तिच्यामागं ड्रोन घेऊन पळाला. पुढं चढ संपला तिथं ती आपोआप थांबली आणि नवरदेव थांबला नाही. तो एका रसवंतीच्या उसाच्या मोळ्यांवर पडला. खांद्याचं हाड मोडलं, लग्न गळ्यात पट्टा बांधून लागलं.

मला हसू आलं. खरंच आलं, आवरेना. बाळूकडे बघितलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"खोडीची न्हाई ती," तो म्हणाला. "तिला वाटलं, बारी लागली."

त्या मोडक्या पायावर ती पळाली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशीही वरातीआधी सुई दिलेली होती. तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली, ही आरोळी ऐकली की जीव तोडून पळायचं, चढाच्या टोकाला थांबायचं. तिनं शिकवलेलं सगळं बिनचूक केलं. त्याबद्दल गावात फ्लेक्स लागला आणि ताथवड्यात चाबूक. घोडीवाला स्वतःच सांगत होता, मंडपामागं बांधून कशी फोडून काढली ते. आणि अक्कल शिकवल्यावर तिला मोशीकडच्या वीटभट्टीला देऊन टाकलं.

मी त्याला काहीतरी बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि त्याच्यावर परिणामही झाला नाही. तो शांतपणे म्हणाला, काका, घोडी तुम्हीच मागता, नाचणारी तुम्हीच मागता. लग्नाची पत्रिका मी छापत नाही, तुम्ही छापता.

इंद्रायणीकाठ, सोमवार

भट्टीचा धूर लांबून दिसतो. मोशीच्या पुढं नदीच्या अंगाला वळलं की रस्ता संपतो आणि लाल धूळ सुरू होते. पलीकडे नव्या इमारतींच्या रांगा, त्या याच विटांच्या. कच्च्या विटा वाळवणाच्या जागेपासून भट्टीपर्यंत जनावरांच्या पाठीवरून जातात, दोन्ही बाजूंना गोण्या लोंबत्या ठेवून.

मला ती ओळखू आली नाही. फ्लेक्सवरच्या घोडीला शोधत होतो मी. बाळूनं ओळखली. तिच्या मानेवरचे केस भादरलेले होते, पाठीवर गोणीच्या दोरानं झालेल्या जखमा, त्यांवर धूळ. डावा पाय टेकवताना ती मान खाली टाकायची, उचलताना वर करायची. प्रत्येक पावलाला. कपाळावरचा ठिपका लाल झाला होता. बाळूनं जिभेनं हलकं टक् केलं. चिरलेला कान वळला. मग दुसरा. मग ती चालता चालता थांबली आणि मागचं खेचर तिच्यावर येऊन आदळलं.

तिला हाकणारी बाई चाळिशीची असेल, डोक्याला फडकं, हातात काठी नाही. तिनं विचारलं, "कोण हो तुमी? नेऊलालाव का तिला?"

'नेताय'च्या जागी 'नेऊलालाव' ऐकून मी उभ्या जागी लातूरला पोचलो. गाव विचारलं, तर आमच्यापासून दोन डोंगर सोडून तिचं गाव. दिवाळीनंतर भट्टीवर येतात, पावसाआधी परत. तिनं आम्हाला सावलीत बसवलं, भाकरी आणि लसणाचा ठेचा दिला. व्याह्यांच्या मासवडीचं मी इतकं कौतुक केलं, तर हेही लिहायला हवं की ही भाकरी तिच्या स्वतःच्या जेवणातली होती.

हरणीच्या पायाला हळदीत भिजवलेली चिंधी बांधली होती. या चार दिवसांत भेटलेल्या माणसांपैकी त्या पायाला औषध करणारी ही एकटी. बाकी सगळ्यांनी फक्त दुखणं लपवलं होतं. मी तसं म्हणालो. तिनं मला फार मोठं होऊ दिलं नाही.

"ती कमी वाहिली की ऱ्हायलेल्या विटा मला डोक्यावर घ्याव्या लागत्यात," ती म्हणाली. "पाय बरा असला तर माझी मान वाचंल, म्हणून बांधलं." मग म्हणाली, "न्या. उद्या दुसरी यील. हिच्यासारखीच यील, चांगली कोण देतंय भट्टीला."

एक हरणी काढली की तिच्या जागी शनिवारच्या बाजारातून दुसरी येणार, कुठल्यातरी घाटाची, कुठल्यातरी फ्लेक्सवरची. हे कळत असूनही मी भट्टीमालकाला फोन लावला. लंगडं जनावर कुणी विकत मागतंय म्हटल्यावर तो इतका खूश झाला की टेम्पोही त्यानंच बोलावून दिला. केरळचे पैसे होते, ते गेले. सौ.ला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, टेम्पोत पेंढा टाकायला सांगा.

निघताना त्या बाईनं हरणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या गोण्या स्वतः उचलल्या. ते मी बघितलं. बघून टेम्पोत चढलो.

पुन्हा चाकणच्या पुढं, सोमवार संध्याकाळ

टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा अंगणात खुर्च्या टाकून सात-आठ जण बसले होते. पुढच्या यात्रेची बैठक. पांढऱ्या घोडीचं कौतुक चाललं होतं. हरणी फळीवरून उतरली, तीन पायांवर, चौथा नुसता टेकवत.

आप्पा उठून आले. आधी त्यांना वाटलं मी काहीतरी गंमत करतोय. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, आणलीच हाय तर मागच्या बाजूनं न्या, गोठ्यामागं बांधा, लोक बसलेत.

मी चार दिवसांपूर्वी इथंच हात जोडले होते. प्राजक्ताला दिलेलं वचनही आठवत होतं. पण मी म्हणालो, "आप्पा, हिचं दावं तुमच्या देव्हाऱ्यापाशी आहे. तेवढं द्या."

"दावं कशाला?"

"हिच्या गळ्यात बांधायला. लक्ष्मी भट्टीवर विटा वाहत होती. घरात नुसती दोरी होती."

बसलेल्यांपैकी कुणीतरी खुर्ची सरकवली. आप्पांचा चेहरा लाल झाला. ते मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी मुलीकडचे हायात, इसरलात का?"

विसरलो नव्हतो. तेच तर सगळ्यात जड होतं. उद्या माझ्या लेकीला याच दारातून बाळ घेऊन आत यायचं आहे, याच माणसाच्या ताटात वाढायचं आहे. लग्नाच्या बैठकीत हलते तशी मान वर-खाली हलायच्या बेतात होती.

तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. हातात दावं. हळद-कुंकू तसंच होतं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशीही नाही, बोलल्या त्या बाळूशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "सूनबाईचा फोन आलाता सकाळी. म्हणली, मी बाळ घेऊन यीन तवा हरणी दारात दिसंल तरच आत यीन."

रोज रात्री माझ्याकडून फोनवर सगळं ऐकून मला गप्प बसायला सांगणारी ती, आणि तीच माझ्याआधी बोलून बसली होती. माझ्या आयुष्यात मी एकदाच धाडस केलं, तेही दुसऱ्या नंबरवर आलो.

बाळूनं दावं बांधलं. आप्पा पुन्हा म्हणाले, मागं. विहीणबाई म्हणाल्या, दारात म्हणली ती. आणि हरणीला फाटकाच्या खांबाला बांधलं, फ्लेक्सच्या बरोबर खाली. आप्पा आत निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. बारशाला येतील की नाही माहीत नाही. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. पाय पूर्ण बरा होणार नाही, पण सुईशिवाय चालेल, म्हणाला. त्या भट्टीवर आता दुसरं तांबडं घोडं आलंय, हे बाळू परवा सांगत होता.

त्या संध्याकाळी परत निघताना मी फाटकापाशी थांबलो. वर फ्लेक्सवर तिचे चारही पाय हवेत होते. खाली ती तीन पायांवर उभी होती. बैठकीला आलेली माणसं एकेक करून बाहेर पडत होती. प्रत्येक जण सवयीनं आधी वर बघायचा, मग खाली, आणि मग फाटकातून भराभर निघायचा. तो फ्लेक्स अजून उतरवलेला नाही आणि हरणीलाही अजून हलवलेलं नाही. दोन्हींपैकी आधी काय निघतं, ते बघायला मी दर रविवारी गूळ घेऊन जातो.